किडनी बदलता येते, मग कॅन्सर झालेला अवयव का नाही?

निपाणी, चिकोडी, खानापूर, हुक्केरी अशा तालुक्यांतून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आलेल्या नातेवाइकांच्या मनात एक प्रश्न हटकून येतो. एका मजल्यावर कुणाला आईची किडनी बसवलेली असते, दुसऱ्या मजल्यावर कुणाचा कॅन्सर झालेला अर्धा जबडा काढलेला असतो. मग कुणीतरी विचारतंच: किडनी बदलतात, लिव्हर बदलतात, हृदयसुद्धा बदलतात, तर कॅन्सर झालेला भाग काढून दुसऱ्याचा चांगला का बसवत नाहीत?

या प्रश्नाला कुणी हसू नये. त्याचं उत्तर नीट कळलं की ऑपरेशन, शेक (रेडिएशन), किमो (कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं) आणि अवयवरोपण या सगळ्यांची एकमेकांशी असलेली नाती उलगडतात. आपलं काय आणि परकं काय हे ओळखण्याची शरीराची जी ताकद आहे, जिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो, तिच्याभोवती हे सगळे उपचार फिरतात.

क्षयाचा जंतू बाहेरून येतो, डेंग्यूचा विषाणू डासातून येतो. कॅन्सरच्या पेशी मात्र आपल्याच असतात. शरीरातल्या पेशी सतत विभागतात, जुन्या मरतात, नव्या तयार होतात. कधी वाढायचं, कधी थांबायचं, कधी मरायचं याच्या सूचना पेशीतल्या डीएनएत असतात. तंबाखूतली रसायनं, काही विषाणू, वाढतं वय यांमुळे त्या सूचनांत बिघाड साठत जातो. एखाद्या बिघाडाने सहसा काही होत नाही. वर्षानुवर्षं बिघाड साठले की एखादी पेशी थांबेनाशी होते आणि तिची गाठ होते. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. दंडावरची चरबीची गाठ वीस वर्षं तशीच राहते आणि काही त्रास देत नाही. कॅन्सरची गाठ शेजारच्या भागात घुसते आणि तिच्यातल्या पेशी रक्तातून किंवा लसवाहिन्यांतून (शरीरातला लस नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) दूर जाऊन तिथे वाढू लागतात.

किडनी निकामी होते तेव्हा अडचण तिच्या कामाची असते. काम करणारी दुसरी किडनी मिळाली की प्रश्न बराचसा सुटतो. कॅन्सरमध्ये अडचण त्या भागाच्या कामाची नसून भटकणाऱ्या पेशींची असते. अवयव बदलला तरी बाहेर पडलेल्या पेशी शरीरातच राहतात, आणि त्या इतक्या बारीक असू शकतात की कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत. वर दुसऱ्याचा अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. म्हणजे उरल्यासुरल्या कॅन्सरला रोखू शकणारी शरीराची स्वतःची ताकदच आपण कमी करतो. थोडक्यात उत्तर हे. पण या उत्तराला अपवाद आहेत, आणि खरी मौज त्या अपवादांत आहे. तिथवर जाण्याआधी कॅन्सरचे उपचार बघू.

ऑपरेशन कशासाठी, हे आधी विचारा

आपल्या भागात कॅन्सर म्हटलं की तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलायलाच हवं. निपाणीचा तंबाखू सगळीकडे प्रसिद्ध. त्या तंबाखूवर आणि विड्यांवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. पण खिशातली चुन्याची डबी, गुटखा, मावा, म्हाताऱ्या बायकांची दात घासायची मशेरी, हे सगळं गालाच्या आतल्या कातडीवर रोज काम करत असतं. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गालात पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलणारा दात, गळ्याला लागणारी गाठ, तोंडात उभी तीन बोटं न जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर गल्लीतल्या मेडिकलमधून मलम आणून महिने घालवू नयेत.

निदान तुकडा तपासूनच होतं. या बायोप्सीबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय: ‘सुई लागली की, कात्री लागली की कॅन्सर पसरतो.’ या समजापायी माणसं गेलेली आहेत, म्हणून ठामपणे लिहितो. तोंडाच्या गाठीचा तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा न घेता चार महिने जडीबुटीवर काढले की मात्र त्याला पसरायला पुरता वेळ मिळतो. तुकड्यावरून जात कळते, सीटी स्कॅन किंवा एमआरआयवरून व्याप्ती कळते आणि दोन्ही मिळून स्टेज ठरते: गाठ किती मोठी आणि किती खोल, गळ्यातल्या लसग्रंथींत गेली का, दूरच्या अवयवांत गेली का.

पुढचा शब्द येतो ‘ऑपरेशन’, आणि तिथे घरच्यांचा गोंधळ सुरू होतो, कारण एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या हेतूंची ऑपरेशनं असतात. तुकडा काढणं हेही ऑपरेशनच, पण ते फक्त तपासणीसाठी. रोग बरा करण्यासाठी गाठ मुळासकट काढतात ते वेगळं. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पसरलेल्या गाठी शक्य तेवढ्या काढून किमोचं काम हलकं करतात, ते आणखी वेगळं. आणि रोग बरा होण्यापलीकडे गेलेला असताना केवळ त्रास कमी व्हावा म्हणून केलेलं ऑपरेशनही असतं: घास गिळता येत नाही म्हणून पोटात नळी बसवणं, श्वास अडकतो म्हणून गळ्याला छिद्र करणं, आतडं बंद झालं म्हणून शौचाची वाट पोटावर काढणं. ‘ऑपरेशन केलं तरी माणूस वाचला नाही’ असं नंतर म्हटलं जातं, तेव्हा पुष्कळदा हेतूच घरच्यांना कळलेला नसतो. म्हणून सहीच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा: हे बरं करण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी? संमतीचा फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल, तर मराठीत समजावून सांगायला सांगा. बेळगावच्या दवाखान्यांत मराठी बोलणारी नर्स किंवा डॉक्टर मिळतोच. समजून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

बरं करण्याच्या ऑपरेशनमध्ये सगळा भर काठावर असतो. ऊसाच्या वावरात हरळी वरवर खुरपली तर पंधरा दिवसांत पुन्हा फुटते. आजूबाजूच्या मातीसकट खणावी लागते. तसंच गाठीभोवतीचा चांगला दिसणारा भागही काढतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीच्या चहूबाजूंनी, आणि खालच्या बाजूनेही, किमान ५ मिलिमीटर निरोगी भाग मिळावा असं सर्जन बघतात. काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि त्या रिपोर्टमधलं ‘मार्जिन’, म्हणजे हा काठ, घरच्यांनी जरूर वाचावं. काठ स्वच्छ नसेल तर पुन्हा ऑपरेशन किंवा जास्तीचे उपचार लागतात. गाठ हाडाला नुसती टेकलेली असेल तर जबड्याची कड घासून भागतं. हाडात शिरली असेल तर जबड्याचा तुकडाच काढावा लागतो.

‘गालाला रोग आणि गळा कशाला कापला?’ असंही लोक विचारतात. याचं उत्तर आपल्याच देशातून जगाला मिळालं. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये गळ्यात गाठ लागत नसताना लसग्रंथी तेव्हाच काढाव्यात, की गाठ आली तर पुढे बघावं, यावर सर्जन मंडळींत बरीच वर्षं वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांचे दोन गट करून हे तपासलं. २०१५ मध्ये निकाल छापून आला: ज्यांच्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, वाट पाहिलेल्या गटातले ६७.५ टक्के. त्यानंतर जगभरचे सर्जन याच निकालावर भर देऊ लागले. गळ्यावरची ती लांब शिवण बघून घाबरायला होतं खरं, पण तिच्यामागे एवढा आधार आहे.

आता काढलेल्या जागेचं काय? इथे आपला मूळ प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. जबड्याचं हाड काढल्यावर पायातलं नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या कातडी आणि रक्तवाहिन्यांसह काढून जबड्याच्या आकारात बसवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पायाची धमनी गळ्यातल्या धमनीला आणि शीर शिरेला जोडतात. शरीराचं वजन मुख्यतः नडगीच्या जाड हाडावर असल्यामुळे माणूस पुढे चालू शकतो. काही वेळा छातीचा स्नायू कातडीसह वर फिरवून आणतात, काही वेळा मनगटाजवळची कातडी घेतात. हेही रोपणच आहे, पण दाता आणि घेणारा एकच. शरीर ते परकं मानत नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी एक गोळीसुद्धा लागत नाही. कॅन्सर झालेला भाग काढून दुसरा बसवतात की नाही, तर बसवतात. फक्त तो रुग्णाचा स्वतःचाच असतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये गोष्ट उलट्या दिशेने गेली. शंभर वर्षांपूर्वी स्तन, खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी सगळं काढत. जितकं जास्त काढावं तितकं चांगलं, अशी समजूत होती. पुढे मोठ्या अभ्यासांतून दिसलं की गाठ लवकर सापडली असेल तर फक्त गाठ काढून उरलेल्या स्तनाला शेक दिला तरी बाई तेवढीच जगते. तरी आपल्याकडे पुष्कळ घरांत ‘सगळंच काढून टाका, भानगड नको’ असा निर्णय बाईला न विचारता घेतला जातो. तो तिचा निर्णय आहे, तिलाच विचारला पाहिजे.

दुर्बिणीचं ऑपरेशन, रोबोटचं ऑपरेशन, उघडं ऑपरेशन हे फरक फक्त आत जायच्या वाटेचे. छेद लहान असला की दुखणं आणि मुक्काम कमी होतो. आत काय काढलं, ते जास्त महत्त्वाचं.

शेक

रेडिएशनला आपल्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी करंट, कुणी लाइट. त्यात ना उष्णता असते ना वीज. क्ष-किरणांसारखे पण खूप जास्त ताकदीचे किरण गाठीच्या जागेवर सोडतात आणि ते पेशींचा डीएनए तोडतात. निरोगी पेशींना ही मोडतोड रात्रीतून बरीचशी दुरुस्त करता येते, कॅन्सरच्या पेशींना ती नीट जमत नाही. म्हणून डोस एकदम न देता थोडा थोडा देतात: तोंडाच्या ऑपरेशननंतर साधारण ३० ते ३३ वेळा, सोमवार ते शुक्रवार, सहा-साडेसहा आठवडे. मध्ये खाडे पडले तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो. ऊसतोड, घरातलं लग्न, गावची जत्रा, काहीही असलं तरी शेक चुकवू नये. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत तो सुरू व्हावा असा प्रयत्न असतो.

शेकाआधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, तेव्हा लोक चिडतात. पण शेक घेतलेल्या जबड्याला रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दात काढायची वेळ आली तर ती जखम भरत नाही आणि हाड सडू शकतं. म्हणून किडके दात आधीच काढतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, लाळ घट्ट होते, चव जाते. त्या दिवसांत वजन राखणं हाच अर्धा उपचार. तिखट, गरम बंद करून भाताची पेज, नाचणीचं गार आंबील, दूध, अंडं, पातळ केलेलं वरण यांवर राहावं लागतं, आणि तेही जाईना तर नाकातून नळी घालू द्यावी. यंत्रातून असा शेक घेऊन घरी आलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. नातवंडांना त्याच्यापासून दूर ठेवायची काही गरज नाही.

औषधं: किमोपासून प्रतिकारशक्ती मोकळी करण्यापर्यंत

ऑपरेशन आणि शेक एका जागेवर काम करतात. किमो रक्तातून सगळीकडे जाते. ती झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारते, आणि केसांच्या मुळांतल्या, तोंडातल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशीही झपाट्याने विभागतात, म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी कमी होतात. एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर ती तातडीची वेळ आहे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि साधा जंतूही काही तासांत जीव घेऊ शकतो. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावातून रात्री गाडी मिळणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. तरीही तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नये. किमोच्या आदल्या दिवशीच गाडीवाल्याला सांगून ठेवावं.

नव्या औषधांपैकी काही नेमक्या बिघाडावर काम करतात. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली आणि एकेकाळी जीवघेणा असलेला तो रोग रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं आटोक्यात राहू लागला.

इम्युनोथेरपीची कल्पना आपल्या धाग्याला सरळ जोडलेली आहे. कॅन्सरच्या पेशी आपल्याच असल्या तरी बिघाडामुळे थोड्या परक्या दिसतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना ओळखू शकते. पण तिला आवरून धरणारे ब्रेक शरीरात असतात आणि कॅन्सर तेच दाबून ठेवतो. हे ब्रेक शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निव्होलुमॅबसारखी इंजेक्शनं तो ब्रेक सोडवतात. त्यांची किंमत सामान्य घराला झेपणारी नाही. म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम तीन आठवड्यांतून एकदा, असा डोस तोंडाच्या आणि घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिला. २०२२ मध्ये निकाल आला: नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के, इंजेक्शनची जोड मिळालेले ४३.४ टक्के. हा रोग बरा करणारा उपचार नाही. पण औषध परवडत नाही म्हणून हात टेकण्याऐवजी कमी डोसचा रीतसर अभ्यास करणाऱ्या या डॉक्टरांबद्दल मला फार आदर वाटतो.

जिथे रोपणच कॅन्सरवरचा उपचार ठरतं

आता अपवाद. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, बिघाड अस्थिमज्जेतच असतो, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या रक्त बनवणाऱ्या कारखान्यात. जोरदार किमोने रुग्णाची मज्जा रिकामी करतात आणि भावाच्या किंवा बहिणीच्या मूळपेशी रक्तासारख्या शिरेतून चढवतात. त्या आपोआप हाडांत जाऊन वसतात. पोट वगैरे कापण्याचा प्रश्नच नाही. पेशींवरच्या ओळखखुणा सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक; आता आईवडिलांचं किंवा मुलांचं निम्मं जुळणारंही चालवता येतं. नव्या मज्जेबरोबर दात्याची प्रतिकारशक्तीही येते आणि ती उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना परकं समजून मारते. कधी ती रुग्णाच्या कातडीवर, आतड्यावर, लिव्हरवरही उलटते आणि मोठा त्रास होतो. दोन्हींतला तोल सांभाळणं हेच या उपचारातलं कौशल्य. भारतात पहिलं अस्थिमज्जारोपण १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये झालं. रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी बाहेर काढून, कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडणारी कार-टी थेरपीही आता देशात बनते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

दुसरा अपवाद लिव्हरचा. कावीळ बी, कावीळ सी किंवा दारूने लिव्हर आधीच आक्रसलेलं असतं आणि त्यात कॅन्सरची गाठ येते. गाठ कापावी तर उरलेलं लिव्हर झेपत नाही. अशा वेळी गाठ एकच आणि ५ सेंटिमीटरपर्यंत असेल, किंवा जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत असतील, रक्तवाहिनीत शिरलेल्या नसतील आणि बाहेर काही पसरलं नसेल, तर पूर्ण लिव्हर बदलतात. हे निकष इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये मांडले. रोग लिव्हरबाहेर पडण्याआधीच पकडला, तर कॅन्सर आणि खराब लिव्हर दोन्ही एकदम जातात. रोग बाहेर पडलेला असेल तर नाही. सुरुवातीच्या प्रश्नाला इथे ‘होय, बदलतात’ असं उत्तर मिळतं.

किडनी, आणि देणारी माणसं

२३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. दोघे एकसारखे जुळे होते, म्हणून शरीराने ती परकी मानली नाही. बाकीच्यांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सापडेपर्यंत थांबावं लागलं. १९९० चं नोबेल मरे आणि अस्थिमज्जारोपणाचे जनक डॉनल थॉमस यांना मिळून मिळालं.

किडनी बदलताना जुन्या दोन्ही सहसा तशाच ठेवतात आणि नवी ओटीपोटात, मांडीच्या वर, एका बाजूला बसवतात. तिथल्या रक्तवाहिन्या जोडायला सोयीच्या आणि मूत्राशय जवळ. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या मात्र किडनी चालू असेपर्यंत घ्याव्या लागतात, ठरल्या वेळी. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि किडनी गेली, असं व्हायला नको. याच गोळ्यांमुळे पुढे काही कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला किडनी बसवण्याआधी बहुतेक प्रकारांत दोन ते पाच वर्षं थांबवतात आणि रोग परत येत नाही ना ते बघतात.

१९९४ च्या कायद्याने अवयव विकणं आणि विकत घेणं हा गुन्हा आहे. जवळच्या नात्यात आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडंही येतात. सीमाभागात कागदांचा घोळ ठरलेला. भाऊ बेळगावचा, बहीण चंदगडला दिलेली. तिचं आधार सासरच्या नावाचं, शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा. नातं सिद्ध करणारी कागदं डायलिसिस सुरू झाल्याबरोबरच जुळवायला घ्यावीत. आणखी एक, मनापासून सांगतो: आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. आई देते, बायको देते, बहीण देते. नवऱ्याने बायकोला किडनी दिल्याचं फार कमी ऐकायला येतं. घरात ‘कोण देणार’ हे ठरताना सगळ्यांच्या तपासण्या व्हायला हव्यात, पुरुषांच्याही, आणि जिला नाही म्हणायचं आहे तिला नाही म्हणता आलं पाहिजे.

मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवांबद्दल भीती मोठी आहे. मेंदूमृत म्हणजे कोमा नव्हे. कोमातला माणूस शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूचा देठ मेला तर श्वास स्वतःहून कधीच येत नाही, हृदय फक्त व्हेंटिलेटरच्या आधारावर काही काळ चालतं. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या करतं, तेव्हाच ते जाहीर होतं. त्यानंतरही घरच्यांच्या होकाराशिवाय काही होत नाही. शरीराबाहेर काढलेलं हृदय चार ते सहा तासच टिकतं. बेळगावहून बंगळूर रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर, म्हणून ते सांबऱ्याच्या विमानतळावरून न्यावं लागतं. किडनीला चोवीस तासांच्या पुढेही अवधी मिळतो. कर्नाटकात हे वाटप ‘जीवसार्थकथे’ ही सरकारी यंत्रणा करते. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने रहिवासी दाखल्याची अट काढायला राज्यांना सांगितलं, त्यामुळे रुग्णाला दुसऱ्या राज्यातही नाव नोंदवता येतं. मात्र एका वेळी एकाच ठिकाणी.

कॅन्सरने गेलेल्या माणसाचे डोळे देता येतात का? बहुतेक कॅन्सरमध्ये येतात. रक्ताचा आणि डोळ्याचा कॅन्सर असेल तर नाही. डोळ्यापुढच्या ज्या पारदर्शक पडद्याचं (कॉर्नियाचं) रोपण करतात त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिथे परकेपणाचा प्रश्नही कमी येतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावं.

कुठे जायचं, काय बरोबर न्यायचं

मुंबईच्या टाटाला एकदा दाखवून यावंसं वाटणं योग्यच आहे. पण ३३ शेकांसाठी परळच्या फुटपाथवर दीड महिना काढण्याची वेळ प्रत्येकावर येऊ नये. नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर केंद्रांच्या जाळ्यामुळे देशभरच्या केंद्रांसाठी उपचारांच्या सारख्या पद्धती ठरलेल्या आहेत. सल्ला टाटाचा आणि शेक-किमो घराजवळ, हे शक्य आहे. बेळगावात केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलबरोबर जानेवारी २०२५ पासून त्यांचं वेगळं कॅन्सर हॉस्पिटलही आहे. मिरज, कोल्हापूर, हुबळी, गोव्याचं बांबोळी हेही आपल्या टप्प्यातले. बंगळूरचं किदवाई कॅन्सर हॉस्पिटल सरकारी.

पैशाचं म्हणाल तर ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ योजनेत बीपीएल रेशनकार्डाच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला पॅकेजच्या (उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या) ३० टक्के. खासगी दवाखान्यात जायचं तर तातडीची वेळ सोडून आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. ते न घेता परस्पर भरती झालेले लोक पुढे अडकतात. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला. महाराष्ट्रातल्या दवाखान्यात गेलात तर भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) जाऊन, आपल्या गावाच्या कागदांवर आज काय मिळतं ते विचारून घ्या.

आणि केंद्र बदलताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. बायोप्सीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेल्या असतात. अर्ज दिला की मिळतात. मोठं केंद्र त्या स्वतः तपासून बघतं, आणि त्या नसल्या तर पुन्हा तुकडा घेण्यात वेळ जातो. स्कॅनची सीडी, ऑपरेशनची नोंद, मार्जिनचा रिपोर्ट, किमोच्या डोसांचा कागद, शेकाचा एकूण डोस लिहिलेली समरी हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एकाच माणसाच्या ताब्यात द्या.